झोपाळ्यावरच्या प्लेटलेट्स

दिगू,

तुला धन्वंतरी करण्याचा कट फसला, हे आधी सांगतो, म्हणजे तू निवांतपणे पुढचं ऐकशील.

फ्लेक्स छापून आला होता. तुझा पासपोर्टचा फोटो, मागे उगवता सूर्य, एका बाजूला अमृतकलश. खाली ‘रुग्णसेवेचा महामेरू’. आयुष्यभर रक्तपेढीत पिशव्या सांभाळल्यास आणि गेल्यावर एकदम आयुर्वेदात गेलास. मराठी मंडळाच्या भास्कररावांनी तो दांडिया बाजारातल्या सभागृहाच्या दाराशी उभा केला होता. फोटोत तू कुणाला तरी विमा विकायला आल्यासारखा दिसत होतास.

तुझा जन्म कुठला, पदवी कुठली, रक्तपेढीत किती वर्षं काढलीस, हे सगळं पेपरात येऊन गेलं. त्यात एक चूक आहे, पण ती तुझ्या फायद्याची आहे, म्हणून मी दुरुस्ती पाठवली नाही. मला आपलं अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायचं आहे. तू पोहे आले म्हणून मध्येच थांबलास आणि मग परत बसलाच नाहीस.

भांडणाची सुरुवात तुझ्या रक्तपेढीत झाली. तू निवृत्त होण्याच्या आधी एकदा मला तिथे घेऊन गेलास. लाल पिशव्या फ्रीजमध्ये शहाण्यासारख्या ओळीने बसल्या होत्या. कोपऱ्यात मात्र काचेच्या एका कपाटात पिवळसर पिशव्या फळ्यांवर आडव्या पडल्या होत्या आणि त्या फळ्या सावकाश इकडून तिकडे, तिकडून इकडे हलत होत्या. मी विचारलं, यांना झोके कशाला? तू म्हणालास, “या प्लेटलेट्स. मूळच्या बडोद्याच्या. फ्रीजमध्ये टाकल्या तर बिघडतात आणि झोपाळा थांबला की एकमेकींना चिकटतात.”

ते ऐकून मला तुझं घर आठवलं. सुभानपुऱ्यातला फ्लॅट घेतलास तेव्हा गॅस यायच्या आधी झोपाळा आला होता. शैलावहिनी म्हणाल्या होत्या की स्वयंपाकाचं नंतर बघू, आधी हे बसतील कुठे ते ठरू दे. दर रविवारी सकाळी तू झोपाळ्यावर, मी समोरच्या वेताच्या खुर्चीत. उजव्या पायाचा अंगठा जमिनीला टेकवून तू झोका चालू ठेवायचास. वादात अडकलास की अंगठा थांबायचा. मला तेवढ्यावरून कळायचं की नेम लागला.

तुझं म्हणणं साधं होतं. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजतात आणि प्लेटलेट्स गळती बंद करतात, एवढं शाळेत शिकवतात आणि तेवढ्यावर माणूस आयुष्य काढतो. तिसऱ्या वाक्यावर तुझा आक्षेप. गळती बंद करतात हे खरं, पण त्या नुसत्या गवंडी नव्हेत, असं तू सांगायचास. त्या धड पेशीही नाहीत. हाडांच्या मगजातल्या एका अवाढव्य पेशीचे तुटून निघालेले तुकडे. केंद्रक नाही. आयुष्य आठ-दहा दिवसांचं. पण जखमेतून जंतू आत शिरला की त्याला सगळ्यांत आधी हटकणाऱ्यांत त्या असतात. त्याला चिकटून बसतात. अंगातल्या पुरचुंड्या सोडतात आणि त्यातलं औषध त्याच्यावर टाकतात. पांढऱ्या पेशींना हाका मारतात, त्या आल्या की त्यांच्याकडून जंतूंवर जाळं फेकवून घेतात. प्रतिकारशक्तीचं नाव निघालं की हार पांढऱ्यांच्या गळ्यात पडतो आणि दार ज्यांनी अडवलं त्यांना कुणी विचारत नाही.

“डोकं नाही आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर,” मी म्हणालो होतो. “आमची कार्यकारिणी अशांनीच भरली आहे.”

तू हसलास, पण हरला नाहीस. मग तू सैन्य बाहेर काढलंस. रक्तवाहिनी म्हणजे किल्ला, जंतू म्हणजे शत्रू, प्लेटलेट म्हणजे बुरुजावरचा पहारा. मी हात वर केला. सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली, दिगू. लढाया मी मुलांना इतक्या वेळा जिंकून दिल्या आहेत की आता तलवार हा शब्द आला तरी जांभई येते. शिवाय माणसाला साधा ताप आला तरी त्याच्या अंगात पानिपत चालू आहे असं सांगण्यात एक प्रकारचा डामडौल आहे. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरात पगडी घातलेल्या पणजोबांचा फोटो आहे. त्यांना लढाई म्हटलं की लगेच ते स्वतःच घोड्यावर दिसतात. प्लेटलेट बाजूलाच राहते.

“मग तू दुसरी उपमा आण,” तू म्हणालास. “ती मिळेपर्यंत व्याख्यान नाही.”

हे व्याख्यान तुला मनापासून द्यायचं होतं. मंडळाच्या हिवाळी व्याख्यानमालेत भास्कररावांनी तुला एक संध्याकाळ दिली होती. त्यांना विषय ‘आरोग्य आणि अध्यात्म’ असा हवा होता. तू ‘प्लेटलेट’ म्हणालास. त्यांनी विचारलं, त्यात अध्यात्म किती? तू म्हणालास, “अजिबात नाही, पण चहा ठेवा.”

या हट्टामागे हसमुखभाई होते. तुझ्या खालच्या मजल्यावरचे, वाघोडियाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, घरात कुणी शिंकलं तरी वर येऊन चौकशी करणारे. पावसाळा सरता सरता त्यांना डेंग्यू झाला आणि सुभानपुऱ्यात त्यांच्या प्लेटलेट्सचा आकडा क्रिकेटच्या धावसंख्येसारखा फिरू लागला. सकाळी किती, संध्याकाळी किती, चढला की उतरला. सोसायटीत पपईचं एकच झाड होतं. दोन दिवसांत लोकांनी त्याचं एकूण एक पान हसमुखभाईंच्या रसासाठी ओरबाडून नेलं. झाड खांबासारखं उभं राहिलं. तू म्हणालास, आता याच्या प्लेटलेट्स मोजा.

रोज तू खाली जायचास आणि आकडा सोडून बाकी सगळं विचारायचास. पोट दुखतंय का, लघवी नीट होतेय का, उभं राहिल्यावर गरगरतं का. ताप उतरल्यावर तर दिवसातून दोनदा जायला लागलास, कारण खरी काळजी तेव्हाच घ्यायची असते असं तुझं म्हणणं. हसमुखभाई शेवटी दुखावले. “दिगंबरभाई, आंकडो तो पूछो,” ते म्हणाले.

“आंकडो लॅबने पूछीश,” तू म्हणालास. “तमने तमारी तबियत पूछुं छुं.”

हसमुखभाई बरे झाले. श्रेय पपईला गेलं. त्याचं तुला काही वाटलं नाही. सगळी सोसायटी इतके दिवस प्लेटलेट्स मोजत होती आणि त्या बिचाऱ्या करतात काय, हे एकानेही विचारलं नाही, हे मात्र तुला लागलं. तेव्हापासून तू माझ्या मागे लागलास. पहिलं वाक्य दे, पुढचं मी बघतो. ऐकणाऱ्याला घरी जाताना बरोबर नेता येईल असं एक वाक्य.

मी आणलेल्या उपमांचं तू काय केलंस ते मला पाठ आहे. सोसायटीचा वॉचमन? तो झोपतो, नापास. आगीचा बंब? तो येईपर्यंत सगळं जळून जातं, नापास. गवंडी? तो येतो आणि आधी मागच्या गवंड्याला शिव्या देत बसतो, नापास. गणपतीतले स्वयंसेवक? त्यांना ढोलाशिवाय पाऊल उचलवत नाही, नापास. तुझ्या तोंडून ‘छान’ कधी कुणी ऐकलं नाही. तुझी वरची पायरी म्हणजे ‘नापास नाही’. ती तू वहिनींच्या श्रीखंडाला दिली होतीस आणि लेकीच्या, मुग्धाच्या लग्नाला. तुझ्या निरोप समारंभाला दिली नव्हतीस, आणि तो होताही तसाच.

शेवटच्या रविवारी मी उपमा न आणता प्रश्न आणला होता. म्हटलं, या उत्साही मंडळींना आवरतं कोण? जिकडे तिकडे धावून जाणारे लोक मला घाबरवतात.

“भिंत आवरते,” तू म्हणालास. “रक्तवाहिनीची आतली भिंत. ती धड असते तोवर त्यांना सारखं सांगत असते, इथे काही झालेलं नाही, पुढे चला. तिला तडा गेला की हा निरोप थांबतो. मग त्या थांबतात, चिकटतात, बाकीच्यांना बोलावतात.”

“आणि तडा आतल्या आत गेला असेल तर? बाहेर जखमच नाही, जंतूही नाही.”

“तरी येतात. त्यांना तडा दिसतो.”

“आणि वाटच बंद करून टाकतात. म्हणजे झालीच की चूक.”

तुझा अंगठा थांबला. “चूक कशी?” तू म्हणालास, आणि तेवढ्यात वहिनींनी पोहे आणले. लिंबू कुठे आहे यावर तुमचं दोघांचं झालं. मग मॅच सुरू झाली. तुझं उत्तर झोपाळ्यावरच राहिलं.

बुधवारी सकाळी तुझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत आतल्या आत तडा गेला आणि तुझ्या लाडक्या धावून आल्या. डॉक्टरांनी मला वेगळ्या शब्दांत सांगितलं, पण आपल्या दोघांच्या भाषेत एवढंच. ज्यांची बाजू इतकी वर्षं लढवलीस, त्यांनीच तुला नेलं. मी वाद जिंकलो होतो आणि तो जिंकल्याचं ज्याला सांगायचं तो नव्हता. मी प्लेटलेट्सवर चिडलो, तुझ्यावर चिडलो, पोह्यांवरसुद्धा चिडलो. त्यात पोह्यांचा दोष नव्हता. फार चांगले झाले होते.

आता पुढचं तुला माहीत नाही ते सांगतो.

मुग्धा कॅनडातून वेळेवर पोचू शकली नाही. तिच्याशिवायच तुला पोचवलं. दुसऱ्या दिवशी हसमुखभाईंनी कुणालाही न विचारता सोसायटीच्या ग्रुपवर तुझं बेसणं जाहीर केलं. शुक्रवार, चार ते सहा. आपल्यात असं दोन तास ठरवून भेटायचं बेसणं नसतं. माणसं आठवडाभर आपापल्या सवडीने भेटायला येतात. पण भास्कररावांनी तो निरोप तसाच मंडळाच्या ग्रुपवर ढकलला आणि दांडिया बाजारातली अर्धी मराठी घरं रिक्षा करून सुभानपुऱ्यात आली.

गुजराती माणूस बेसण्याला कसा येतो ते तू पाहिलं आहेस. पांढरे कपडे, फोटोसमोर हात जोडायचे, दोन मिनिटं मान खाली घालून बसायचं, उठायचं, चपला शोधायच्या. जिना एकच असला तरी दोन तासांत सगळा सुभानपुरा त्यावरून ये-जा करू शकतो. आपला माणूस येतो तो बसायलाच. “कसं झालं हो?” विचारतो, पहिल्यापासून ऐकतो, मग स्वतःच्या मेव्हण्याचं कसं झालं होतं ते सांगतो. उठायचं कधी, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. पहिली वीस-पंचवीस मराठी माणसं दिवाणखान्यात शिरली आणि तिथेच रुतली. पुढची दारात अडली. त्यांच्यामागची जिन्यात. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. कुणी पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या, कुणी खुर्च्या, कुणी दुसऱ्यांना फोन करून लवकर या, गर्दी वाढते आहे असं सांगत होतं. मी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये भिंतीला चिकटून उभा होतो.

आणि खालून मुग्धा आली. विमानतळावरून थेट, हातात बॅग, केस बारीक कापलेले. तिला कुणी ओळखलं नाही. जिन्याच्या तोंडाशी हसमुखभाई व्यवस्था बघत होते. त्यांनी हात आडवा केला. “बेन, लाइनमां.”

“काका, हुं मुग्धा,” ती म्हणाली.

हसमुखभाईंचा चेहरा मी वरून पाहिला. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागले, आणि हात सोडेचनात. ते रडताहेत म्हटल्यावर चार जण त्यांना सावरायला खाली धावले. आता तिथून मुंगीलाही वाट नव्हती. सगळे तुझ्यावरच्या मायेने आले होते, एकही माणूस उगाच आलेला नव्हता, आणि त्या मायेने तुझ्या मुलीला तुझ्याच जिन्यात अडवून धरलं होतं.

निरोप तोंडातोंडी वर गेला. वहिनी दारात आल्या. साधी साडी, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी आवाज चढवला नाही.

“मी ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “इथे आता काही लागत नाही. सगळे खाली चला, चहा खाली आहे.”

खाली चहा नव्हता. बेसण्याला चहा करतच नाहीत. हसमुखभाई रडता रडता थांबले आणि घाबरून कुणाकडचं तरी पातेलं आणायला पळाले. पण चहा हा शब्द ऐकताच दिवाणखान्यातली मराठी माणसं सुटी झाली. आधी दारातली, मग जिन्यातली, एकेक करून सगळी माझ्या अंगावरून खाली वाहत गेली. त्यांच्या उलट दिशेने बॅग डोक्यावर धरून मुग्धा वर गेली. दार लागल्याचा आवाज आला.

मी भिंतीला टेकून हसत होतो, दिगू. भास्करराव जाता जाता माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “सर, आवरा स्वतःला.” हसणं-रडणं दोन्ही चालू होतं, त्यामुळे त्यांचंही फारसं चुकलं नाही. ‘इथे काही झालेलं नाही, पुढे चला’ हे सांगणारी भिंत मी प्रत्यक्ष पाहिली होती. तिलाच तर सगळ्यांत मोठा तडा गेला होता, तरी ती बोलली.

आणि ‘चूक कशी’ याचं तुझं उत्तरही मला तिथेच मिळालं. बुधवारी वहिनींची हाक ऐकून सगळ्यांत आधी वर आले ते हसमुखभाई. अनवाणी, दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच. त्यांनीच गाडी काढली, त्यांनीच मला फोन केला, त्यांनीच सगळ्यांना हाका मारल्या. तेव्हा ते देवासारखे वाटले आणि शुक्रवारी जिन्यात अडथळा वाटले. माणूस तोच, पाय तेच, धावण्याचं कारणही तेच. त्यांना वेगळं काढून शहाणं करायला गेलो तर बुधवारी वर कोण येईल? मी हरलो, असं म्हणवत नाही. पण माझा मुद्दा मी मागे घेतो.

दोन दिवसांनी भास्करराव घरी आले. तुझ्या व्याख्यानाची संध्याकाळ मोकळी झाली होती, तिथे त्यांनी शोकसभा ठरवली होती. वक्ते ठरले होते, फ्लेक्स तयार होता. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “भाऊजी, व्याख्यान तुम्ही द्या. नाहीतर ते लोक यांना देव करतील, आणि मग मला घरात यांच्याशी भांडता येणार नाही.”

मग मी काल तुझं व्याख्यान दिलं. फ्लेक्स भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावला. भास्कररावांना वाईट वाटलं, म्हणून हार त्यांना माईकच्या स्टँडला घालू दिला. वहिनी आणि मुग्धा शेवटच्या ओळीत बसल्या होत्या. पहिल्या ओळीत हसमुखभाई, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, निम्मं मराठी कळत नसताना सगळ्याला मान डोलवत.

मी उभा राहिलो आणि तुला हवं होतं ते पहिलं वाक्य म्हटलं. “आपल्या रक्तात लढणारे असतील, पण ते नंतर येतात, आधी शेजारी येतात.”

पुढचं तूच सांगून ठेवलं होतंस, मी फक्त झोके दिले. त्या तडा कसा ओळखतात, चिकटतात कशा, पुरचुंड्यांत काय असतं, पांढऱ्या पेशींना हाक कशी मारतात. कधीकधी दाटी करून घरच्याच माणसाची वाट कशी अडवतात. भिंत त्यांना काय सांगते. जिन्यात उभी असलेली मंडळी समोरच बसली होती. मध्येच एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला आणि मग मागून पुढून हसू फुटलं. हसमुखभाई शेजारच्याला विचारत होते, शुं कह्युं? त्याने सांगितल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि तेही हसले. तुझ्या शोकसभेत लोक हसत होते, हे तुझ्या कानावर घालायला हवं.

नंतर प्रश्न झाले. भास्कररावांनी पहिलाच विचारला, प्लेटलेटचा आकडा साधारण किती असावा? मी म्हटलं, आकडा लॅबला विचारा. हसमुखभाईंनी पपईच्या पानांचं विचारलं. झाडाला नवी पानं फुटली आहेत, दिगू. मी म्हटलं, ती आता झाडालाच राहू द्या.

वहिनींना आणि मुग्धाला सोडायला सुभानपुऱ्याला गेलो. मुग्धा चहा टाकायला आत गेली. मी सवयीने वेताच्या खुर्चीत बसलो. वहिनी आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या, आणि झोपाळ्यावर बसल्या. तिथे त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी उजव्या पायाचा अंगठा जमिनीला टेकवला. कडी कुरकुरली, झोका सुरू झाला.

दोन-चार झोक्यांनंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“नापास नाही,” वहिनी म्हणाल्या.